चीनच्या जुन्या वेधशाळा बघायला जायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बीजिंगच्या जुन्या वेधशाळेचा एक फोटो टाकला होता, गच्चीवर उभी असलेली ब्राँझची यंत्रं आणि मागे काचेच्या उंच बिल्डिंगा, आणि खाली जेमतेम चार ओळी. त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही उत्तरं लांबलीत पण विषयच तसा आहे.

प्रश्न (पुणे): ताई, ऑफिसच्या कामाने बीजिंगला चाललोय. अर्धा दिवस मोकळा मिळेल. काही जण म्हणतात वेधशाळा लहान आहे, अर्ध्या तासात संपते. जाण्यासारखी आहे का? आणि दुर्बिणीतून बघायला मिळतं का?

नक्की जा. ग्रेट वॉल अर्ध्या दिवसात उरकायची गोष्ट नाही, आणि ही वेधशाळा शहरातच आहे, मेट्रोची एक नंबर आणि दोन नंबर लाइन जिथे भेटतात त्या जिआनगुओमेन स्टेशनमधून वर आलं की विटांचा एक मोठा चौकोनी बुरूज दिसतो, तीच. सोमवारी बंद असते. तिकीट 20 युआनच्या आसपास, पण दर आणि बुकिंगचे नियम निघायच्या आधी एकदा चेक करा, पासपोर्ट जवळ ठेवा आणि मोबाइलवर अलीपे चालू करूनच जा, कारण तिकडे सगळे फोननेच पैसे देतात.

दुर्बीण नाहीये. ही वेधशाळा 1442 सालची, मिंग राजवटीतली, आणि गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली 1609 मध्ये, त्यामुळे इथलं काम सगळं नुसत्या डोळ्यांनी चालायचं. तारा नेमका कुठे आहे हे डोळ्याने बघायचं, आणि तो किती अंशांवर आहे हे ब्राँझच्या कड्यावर वाचायचं, बास. पण हे "बास" करायला माणसं पिढ्यान् पिढ्या रात्रभर जागली आहेत, 1442 पासून थेट 1929 पर्यंत त्याच बुरुजावर, एकाच जागी एवढा सलग काळ वेध घेतलेत अशी ठिकाणं जगात फार थोडी आहेत.

अर्ध्या तासात संपते म्हणणारे काय करतात, वर चढतात, ड्रॅगनबरोबर फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही असं करा, वरच्या आठ यंत्रांपैकी एक निवडा आणि त्याच्यापाशीच थांबा. मी सांगेन की 1673 चं पाव वर्तुळाचं यंत्र निवडा, तारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं. एका उभ्या खांबाभोवती फिरणारी ब्राँझची पाव वर्तुळाकार चौकट, त्या चौकटीच्या पोकळीत ढगांमधून वळसे घेणारा ड्रॅगन बसवलाय, आणि तो नुसता शोभेचा नाही, वजनाचा तोल सांभाळायचं कामही त्याच्याकडे आहे. कमानीवर बारीक रेषा कोरल्यात. कठड्याच्या बाहेरून जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि त्या रेषा बघा. अंशाच्या दोन रेषांमध्ये तिरक्या रेघा आहेत, त्यांच्यामुळे एका अंशाचेही बारीक भाग वाचता यायचे, युरोपात टायको ब्राहे या डॅनिश खगोलज्ञाने हीच युक्ती वापरली होती. कुणीतरी हात जराही न थरथरू देता या रेषा कोरल्यात हे लक्षात आलं ना की मग तुम्ही तिथून लवकर निघत नाही.

अजून एक बघायचं. वरच्या यंत्रांवर वर्तुळाचे 360 भाग आहेत, आपल्याला सवय आहे तसे. पण त्याआधीच्या चिनी यंत्रांवर वर्तुळाचे 365 आणि पाव भाग असायचे, कारण सूर्य वर्षात एक फेरी मारतो तर रोज एक भाग सरकला पाहिजे असा तो सरळ हिशोब. खाली अंगणात मिंग काळातल्या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत. आधी त्या बघा, मग वर चढा. या क्रमाने गेलात तर मधे काहीतरी मोठं घडून गेलंय हे आपोआप समजतं, आणि काय घडलं ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न (मडगाव): तुम्ही लिहिलंत की ही यंत्रं एका युरोपियन पाद्र्याने बनवली. चीनच्या बादशहाने परदेशी पाद्र्याला वेधशाळा का दिली? आणि हे लोक गोव्यावरून गेले होते का?

हो, गोव्यावरूनच गेले. त्या काळात पोर्तुगीज जहाजाने पूर्वेला निघालेला जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचा सदस्य) गोव्याला उतरल्याशिवाय सहसा पुढे जात नसे. मातेओ रिची 1578 मध्ये गोव्यात पोचला आणि 1582 मध्ये तिथून मकावला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्याला गेला. अ‍ॅडम शाल 1618 मध्ये गोव्यात उतरला आणि पुढच्या वर्षी मकावला. म्हणजे बीजिंगच्या गच्चीवरच्या या कहाणीतली पहिली दोन नावं मांडवीच्या काठावरून गेलेली आहेत, गोव्याच्या वाचकाने हा प्रश्न विचारला याचा मला खरंच आनंद झाला.

आता बादशहाने का दिली. चीनमध्ये पंचांग ही सरकारी गोष्ट होती. बादशहा म्हणजे आकाशाचा पुत्र, त्यामुळे त्याच्या नावाने निघालेल्या पंचांगात ग्रहण चुकलं तर ती गणिताची चूक राहत नाही, बादशहाचं आणि आकाशाचं बिनसलंय असा अर्थ निघतो. म्हणून खगोलाचं खातं दरबारात, आणि खासगीत कुणी आकाशाचे वेध घेऊन भविष्य सांगायला लागलं तर त्यावर बंदी. आणि मिंग राजवटीच्या शेवटी शेवटी ग्रहणं चुकायला लागली होती. 1629 च्या ग्रहणाचं भाकीत जुन्या पद्धतीने आणि युरोपियन पद्धतीने असं दोन्हींनी करून बघितलं, युरोपियन पद्धत बरोबर ठरली, आणि शू ग्वांगछी नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याला पंचांग सुधारायचं काम मिळालं. शू ग्वांगछी स्वतः ख्रिस्ती झालेला, रिचीबरोबर बसून त्याने युक्लिडची भूमिती चिनीत आणलेली. त्याने जेझुइटांना कामाला लावलं.

1644 मध्ये मिंग गेले, छिंग आले, आणि नव्या बादशहाने शालला खगोल खात्याचा प्रमुख केलं. इथपर्यंत ठीक. मग 1664 मध्ये यांग ग्वांगशिएन नावाच्या माणसाने तक्रार केली, की हे परदेशी लोक चुकीचं पंचांग करतात आणि राज्याविरुद्ध कट करतात. शाल तेव्हा सत्तरीचा, पक्षाघाताने बोलताही येत नव्हतं, त्याच्या वतीने फर्डिनांड फर्बीस्ट नावाचा बेल्जियमकडचा तरुण सहकारी बाजू मांडत होता. 1665 मध्ये शालला मृत्युदंड झाला. नेमका त्याच सुमारास बीजिंगमध्ये भूकंप झाला, लोकांनी तो अपशकुन मानला आणि शाल सुटला. पण खात्यातले पाच चिनी ख्रिस्ती खगोलज्ञ सुटले नाहीत, त्यांची डोकी उडवली. ली त्सूपाई त्यातला एक. जेझुइटांच्या गोष्टी सांगताना ही पाच माणसं नेहमी मागे पडतात. वर यंत्रांपाशी उभं असताना त्यांची आठवण ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते.

शाल 1666 मध्ये गेला. खातं यांगच्या हातात आलं, आणि त्याला ते झेपेना. 1668 च्या डिसेंबरमध्ये बादशहा कांगशीने, तेव्हा तो 14 वर्षांचा मुलगा होता, दोन्ही बाजूंना समोरासमोर आणलं. परीक्षा साधी ठेवली. अमुक उंचीची उभी काठी, तिची दुपारी बारा वाजता सावली कुठपर्यंत पडेल ते आदल्या दिवशी सांगा. तीन दिवस हे चाललं. फर्बीस्टने आधी आखून ठेवलेल्या रेषेपाशी तिन्ही दिवस सावली येऊन टेकली, दुसऱ्या बाजूला आधी सांगताच आलं नाही. पाठोपाठ फर्बीस्टने दाखवून दिलं की पुढच्या वर्षाच्या पंचांगात एक अधिक महिना चुकीचा घातलाय. विचार करा, सरकारी पंचांग छापून झालेलं, राज्यभर गेलेलं, आणि त्यातला एक अख्खा महिना काढायचा! कांगशीने काढला. 1669 मध्ये खातं फर्बीस्टकडे आलं, आणि पुढच्या चार वर्षांत त्याने जी सहा यंत्रं ओतवून घेतली तीच आज वर उभी आहेत. आकाशगोल, विषुववृत्ताचं कडं, क्रांतिवृत्ताचं म्हणजे सूर्याच्या वाटेचं कडं, दिशा मोजायचं आडवं चक्र, वर सांगितलेलं पाव वर्तुळ, आणि दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजायचा षष्ठांश. गणित आणि रचना टायकोच्या धर्तीची, आणि पाय, आधार, नक्षी सगळं चिनी कारागिरांचं. मला विचाराल तर या यंत्रांना युरोपियन म्हणणंही अर्धवट आणि चिनी म्हणणंही अर्धवट.

एका वाचकाने विचारलंय की 1673 पर्यंत दुर्बीण आलेली होती मग ही यंत्रं बिनदुर्बिणीची का. चीनच्या दरबारात दुर्बीण 1634 मध्येच दिलेली होती. पण दुर्बिणीतून मोठं दिसणं वेगळं आणि ताऱ्याची जागा अंशात मोजणं वेगळं, दुसऱ्या कामासाठी दुर्बिणीत नेम धरायला बारीक धागे बसवून ती यंत्रावर चढवायची पद्धत युरोपातही तेव्हा नुकती रुळत होती. त्याच वर्षांत पोलंडकडचा हेवेलियस ताऱ्यांची यादी नुसत्या डोळ्यांनीच करत होता.

प्रश्न (नाशिक): अधिक महिना आणि नक्षत्रं चिनी पंचांगातही आहेत हे वाचून आश्चर्य वाटलं. हे आपल्याकडून गेलं का?

अधिक महिन्याचा नियम दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. चिनी पंचांगात सूर्याच्या वाटेचे 24 टप्पे केलेत, त्यातले 12 मुख्य, आणि ज्या महिन्यात मुख्य टप्पा पडत नाही तो अधिक. फरक असा की ते टप्पे अयन (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस) आणि संपात (दिवस-रात्र सारखी) यांपासून मोजतात, आपण नक्षत्रांच्या चौकटीत मोजतो. सूर्य एखाद्या टप्प्यावर अमावास्येच्या थोडा आधी पोचला की थोडा नंतर, यावर अख्खा महिना इकडचा तिकडे होतो, 1669 चं भांडण नेमकं अशाच गोष्टीवरून होतं. आपल्याकडे अयनांश, म्हणजे संपात आणि नक्षत्रचक्राची सुरुवात यांतलं अंतर, वेगळे धरले की टिळक पंचांगात आणि बाकीच्या पंचांगांत अधिक महिना वेगळा येऊ शकतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे भांडण समजायला जड जाऊ नये.

नक्षत्रांचं मात्र "आपल्याकडून गेलं" असं छातीठोक म्हणू नका. त्यांच्याकडे 28 आहेत, आपल्याकडे अभिजित धरलं तर 28, पण खुणेचे तारे बऱ्याच ठिकाणी वेगळे आहेत आणि विभागही त्यांचे लहानमोठे, आपले सारखे. कुणी कुणाकडून घेतलं, की दोघांनी आपापलं केलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

जे नक्की आहे ते सांगते, आणि ते जास्त भारी आहे. तांग राजवटीत, आठव्या शतकात, चीनच्या राजधानीत खगोल खात्याचा प्रमुख गौतम सिद्ध नावाचा माणूस होता. मूळ भारतीय घराणं, चीनमध्ये स्थायिक झालेलं, चिनी उच्चार छ्युतान शीदा. त्याने 718 मध्ये नवग्रहांवर आधारलेलं भारतीय पद्धतीचं पंचांग चिनीत आणलं, त्यात शून्यासाठी टिंब वापरलंय आणि शाळेच्या त्रिकोणमितीतल्या "ज्या", म्हणजे साइनचं कोष्टकही आहे. शिवाय जुन्या शकुनांचा आणि ताऱ्यांच्या नोंदींचा एक प्रचंड संग्रह त्याने केला, त्यातले कितीतरी मूळ चिनी ग्रंथ नंतर हरवले आणि आज फक्त त्याच्या संग्रहामुळे माहीत आहेत. त्याच्या मुलाची, गौतम झुआनची, कबर 1977 मध्ये शीआनजवळ सापडली. त्याच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनीही त्याच खात्यात नोकरी केली. म्हणजे फर्बीस्टच्या साडेनऊशे वर्षं आधी परदेशातून आलेल्या घराण्याने तेच खातं चालवलेलं होतं, आणि आपल्याकडे हे नाव शाळेत कधी कानावर पडत नाही, ते पडायला हवं.

प्रश्न (कोल्हापूर): यंत्रं खरी आहेत की नकली? चीनमध्ये बरंचसं पुन्हा बांधलेलं असतं असं ऐकलंय.

वरची आठही खरी. अंगणातली मिंग काळातली मोठी दोन यंत्रं प्रतिकृती आहेत, त्यांची मूळ यंत्रं नानजिंगला पर्पल माउंटन वेधशाळेत आहेत, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी सैन्य जवळ यायला लागलं तेव्हा दक्षिणेला हलवलेली. नानजिंगला जाणार असाल तर ती अजिबात चुकवू नका, कारण जुन्या चिनी पद्धतीचं खरं ओतकाम तिथेच बघायला मिळतं.

आठपैकी दोन फर्बीस्टनंतरची. 1715 चं दिगंश (दिशा) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) एकत्र मोजणारं यंत्र किलियान स्टुम्फ या जर्मन जेझुइटाने केलं, ते लगेच ओळखू येतं कारण त्यावर एकही ड्रॅगन नाही, नक्षी थेट युरोपची. वाईट याचं वाटतं की त्याच्या ओतकामाला धातू हवा म्हणून जुनी यंत्रं वितळवली असं चिनी नोंदी सांगतात. शेकडो वर्षांची कोरलेली कडी भट्टीत गेली. शेवटचं यंत्र 1754 चं, छियेनलुंग बादशहाने वेधशाळा बघितली, त्याला जुन्या चिनी पद्धतीची कडी आवडली, मग रचना जुनी आणि अंश 360 असं करायला सांगितलं.

आणि ही यंत्रं एकदा चोरीला गेलीत, मी चोरीच म्हणणार. 1900 मध्ये परदेशी लोकांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा जर्मन आणि फ्रेंच सैन्याने वरची आठ आणि मिंग काळातली दोन अशी दहा यंत्रं पाच पाच वाटून घेतली. फ्रेंचांनी आपली पाच वकिलातीत ठेवली आणि 1902 मध्ये परत केली. जर्मनांनी त्यांची पाच जहाजाने नेली आणि पोट्सडामच्या राजवाड्याच्या बागेत मांडली, वीस वर्षं ती तिथे शोभेला उभी. पहिलं महायुद्ध जर्मनी हरला, व्हर्सायच्या तहात कलम 131 म्हणून हे लिहून घेतलं की चीनची खगोलयंत्रं बारा महिन्यांत परत द्या, आणि 1921 मध्ये ती बीजिंगला पोचली. एवढ्या मोठ्या तहात या यंत्रांसाठी वेगळं कलम आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज जगभर लुटून नेलेल्या वस्तू परत करायची चर्चा चालते, त्यात हे उदाहरण अजून ठळकपणे यायला हवं.

बुरूजही थोडक्यात वाचला. बीजिंगची जुनी तटबंदी पाडून मेट्रो काढली तेव्हा हाही जाणार होता, 1968 मध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी तो ठेवायला सांगितला आणि मार्ग वळवला. तटबंदीचा तो तुकडा म्हणून एकटाच रस्त्याकडेला उभा दिसतो.

प्रश्न (सांगली): आम्ही शाओलिन बघायला हनानला जाणार आहोत. जवळच अजून एक जुनी वेधशाळा आहे ना? तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा का?

काढा, काढा! बीजिंग एकीकडे आणि ही एकीकडे. माझं मत विचाराल तर दोन्हींतून एकच निवडायची झाली तर मी ही निवडेन. गाव गाओचेंग, डेंगफेंग शहराच्या आग्नेयेला, शाओलिनहून गाडीने जाता येतं. बीजिंगहून झेंगझौला हायस्पीड ट्रेनने तीन तासांच्या आसपास, पुढे रस्त्याने. 2010 पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे, पण शाओलिनला बसच्या बस उतरतात आणि इथे शुकशुकाट असतो.

ही 1276 च्या सुमारासची, कुबलाई खानाच्या काळातली, करणारा गुओ शौजिंग. दिसायला काय आहे तर विटांचा निमुळता होत गेलेला मनोरा, साडेनऊ मीटरच्या आसपास उंच, वर दोन छोट्या खोल्या, आणि त्याच्या उत्तरेच्या बाजूला मधोमध एक उभी खाच. त्या खाचेच्या पायथ्यापासून उत्तरेकडे जमिनीवर दगडांची एक लांबलचक पट्टी निघते, 36 दगड एकापुढे एक, एकूण 31 मीटरहून जास्त. वरच्या दोन खोल्यांमध्ये एक आडवा दांडा, त्याची सावली दुपारी या पट्टीवर पडते. म्हणजे अख्खी इमारत हेच यंत्र.

आता हे का केलं ते समजून घ्या म्हणजे तिथे गेल्यावर मजा येईल. वर्षाची लांबी काढायची तर हिवाळी अयनाचा क्षण पकडावा लागतो, म्हणजे दुपारची सावली वर्षात सगळ्यात लांब कधी होते. अडचण अशी की त्या चार-आठ दिवसांत सावली जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे त्याच दिवशी मोजून काही कळत नाही, आधीचे आणि नंतरचे बरेच दिवस मोजून मधला क्षण हिशोबाने काढावा लागतो. आणि त्यासाठी मोजमाप फार बारीक हवं. पूर्वी शंकू, म्हणजे सावली मोजायचा उभा खांब, 8 चिनी फूट उंच असायचा, गुओने तो पाचपट केला, 40 फूट. शंकू पाचपट तर सावली पाचपट, म्हणजे मोजताना तेवढीच चूक झाली तरी तिचा परिणाम पाचपट कमी. पण उंच वस्तूच्या सावलीची कड धूसर होते, कारण सूर्य हा बिंदू नाही, त्याची चकती अर्ध्या अंशाची आहे. संध्याकाळी विजेच्या खांबाची सावली बघा, टोकाला ती विरत जाते. मग गुओने काय केलं, पट्टीवर सरकणारी एक पातळ धातूची पट्टिका ठेवली, तिला अगदी बारीक भोक. भोकातून सूर्याची छोटी गोल प्रतिमा खाली पडते, आणि पट्टिका पुढेमागे सरकवत गेलं की त्या गोलाच्या बरोब्बर मध्ये वरच्या दांड्याची काळी रेघ येते. ती रेघ मध्ये आली की वाचा आकडा, धूसरपणाचा प्रश्नच मिटला. तेराव्या शतकातली ही युक्ती आहे हो!

तिथे गेलात की पट्टीवर वाकून बघा, लांबीभर दोन समांतर पन्हळी खोदलेल्या दिसतील. त्यात पाणी भरायचे, पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं म्हणजे पट्टी सपाट. हिवाळी अयनाला तिथे सावली उंचीच्या दीडपटीहून जास्त, साधारण साडेपंधरा मीटर येते, आणि उन्हाळ्यातल्या अयनाला दोन मीटरही नाही.

गुओने राज्यभर 27 ठिकाणी वेध घ्यायला लावले आणि 1281 पासून जे पंचांग लागू झालं त्यात वर्ष 365.2425 दिवसांचं धरलं. आपण रोज वापरतो त्या ग्रेगरियन कॅलेंडरचंही वर्ष एवढंच, पण ते आलं 1582 मध्ये. हा आकडा चीनमध्ये त्याच्याही आधी 1199 च्या पंचांगात आलेला होता, त्यामुळे "गुओने शोधला" असं गाइड म्हणाला तर पूर्ण खरं नाही, गुओचं मोठेपण त्याने जुन्या आणि नव्या सावल्यांची मोजमापं तपासून तो पक्का केला यात आहे.

त्याच आवारात मनोऱ्याच्या दक्षिणेला एक दगडी शंकू आहे, 723 सालचा, लोक त्याच्यासमोरून न बघता जातात. त्याच्या बैठकीचं माप असं घेतलंय की उन्हाळ्यातल्या अयनाच्या दुपारी सावली बैठकीवरच संपते, जमिनीवर पडतच नाही. त्याच काळात यी शिंग नावाच्या बौद्ध भिक्षूने आणि नानगोंग युएने उत्तर-दक्षिण रेषेवर ठिकठिकाणी सावल्या मोजून शेकडो वर्षं चालत आलेला नियम खोडून काढला, की हजार ली (अंतराचं चिनी माप) गेलं की सावली एक बोट बदलते. मोजलं आणि निघालं की असं काही होत नाही. जून 21 च्या आसपास जाणार असाल तर दुपारी बाराच्या आधी तिथे पोचा. बारा म्हणजे घड्याळातले नाही, सगळ्या चीनला बीजिंगची वेळ आहे आणि हनान त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला साडेबारा होतात.

प्रश्न (ठाणे): आम्ही जयपूर-दिल्लीचं जंतरमंतर बघितलंय. मग बीजिंगमध्ये वेगळं काय?

दोन्हींच्या मागचा प्रश्न एकच, की दुर्बिणीशिवाय मोजमाप बारीक कसं करायचं, आणि उत्तरं अगदी उलटी. सवाई जयसिंगाचं म्हणणं होतं की धातूची यंत्रं झिजतात, आस हलतो, म्हणून दगडचुन्यात प्रचंड बांधा. जयपूरचं सम्राट यंत्र 27 मीटर उंच आहे. फर्बीस्टने पन्नास वर्षं आधी ब्राँझ निवडलं, यंत्र लहान पण फिरवता येतं, रेघा बारीक. जंतरमंतर बघितलेल्या माणसाला गाओचेंग लगेच आपलंसं वाटेल कारण तिथेही इमारत म्हणजेच यंत्र. तुम्ही आधी जंतरमंतर बघितलंय हा तुमचा फायदाच आहे, सावलीची कड धूसर कशी होते ते तुम्ही सम्राट यंत्राच्या पायऱ्यांपाशी बघितलं असेल.

प्रश्न (औरंगाबाद, महाविद्यालयीन विद्यार्थी): 1054 चा सुपरनोव्हा (स्फोट होऊन अचानक झळकलेला तारा) बीजिंगच्या वेधशाळेतूनच बघितला होता का?

नाही. बीजिंगचा बुरूज तेव्हा नव्हता. सोंग राजवटीची राजधानी काइफेंगला होती, दरबारी खगोलज्ञांनी 4 जुलै 1054 ला "पाहुणा तारा" नोंदवला, तो 23 दिवस भरदिवसा दिसला आणि रात्री जवळपास दोन वर्षं. आज तिथे दुर्बिणीतून क्रॅब नेब्युला, म्हणजे त्या स्फोटातून उरलेला ढग दिसतो. भारतात त्याची नोंद कुठे आहे का हे जयंत नारळीकर आणि सरोजा भाटे यांनी जुन्या साहित्यात शोधलं होतं, ठोस काही हाती लागलं नाही. तुला या विषयात रस असेल तर ते शोधकाम वाच, नोंद मिळाली नाही हे सांगायलाही किती वाचावं लागतं ते कळेल.

प्रश्न (डोंबिवली): आईचे गुडघे दुखतात, आणि बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे. जमेल का?

बीजिंगचा बुरूज 14-15 मीटर उंच आहे आणि वर जायला पायऱ्या चढाव्या लागतात. आईंना नसेल जमत तर खालचं अंगण छान सावलीचं आहे, प्रतिकृती, खगोलज्ञांचे पुतळे आणि जुनी दालनं सगळं खालीच, त्या तिथे आरामात बसतील आणि तुम्ही वर जाऊन या. मुलासाठी घरूनच एक पुठ्ठा घेऊन जा, सुईने एक भोक पाडलेलं. ऊन असेल तर फरशीवर त्या भोकातून पडलेला सूर्याचा छोटा गोल त्याला दाखवा, पुठ्ठा वरखाली केला की गोल लहानमोठा होतो ते त्याला स्वतः करू दे. सूर्याकडे थेट बघायचं नाही एवढं मात्र त्याला आधीच बजावून ठेवा. बीजिंगला जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, हवा स्वच्छ असते आणि वर ऊन लागत नाही.